रोवेनाची पेटी

त्या दिवशी आम्ही वाख काढत होतो. पाऊस होताच. आमच्या डोंगराला नाताळाच्या सुमाराला पाऊस चिकटला की तो लवकर सुटत नाही, आणि तोडलेलं अबाकाचं, म्हणजे आमच्या वाखाच्या केळीचं, खोड काही पाऊस उघडायची वाट बघत नाही. पडून राहिलं की काळं पडतं, मग त्याला कुणी विचारत नाही. म्हणून छपराखाली उभं राहायचं, सुरी आणि ठोकळा यांच्यामध्ये खोडाचं सोललेलं सोपट सारायचं आणि सगळं अंग मागं टाकून ओढायचं. गर अलीकडं गळून पडतो, पांढरा वाख हातात येतो. हे बापयाचं काम. पण माझा चुलतभाऊ लिबोरिओ छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हापासून त्याची बायको इसिद्रा त्याच्या ठोकळ्याला उभी राहायची. सुरुवातीला लोक हसले. मग तिचा वाख बघितला आणि गप झाले. वयानं मोठी म्हणून मीसुद्धा तिला मना म्हणायचो, आमच्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

तर असे आम्ही दोघं ओढत होतो आणि खालच्या वाटेनं आमच्या वाडीचा कापितान वर येताना दिसला. वाडीतले लोक मत देऊन निवडतात तो कापितान. आमचा हा दोमेंग निवडून आल्यापासून उगीच कुठं चढत नसे. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि टोपी डोक्यावर नाही, हातात.

"मना, जरा खाली बस," तो म्हणाला.

"मी हितंच बरी हाय. बोल."

तिच्या हातात अर्धं ओढलेलं सोपट होतं. दोमेंगनं माझ्याकडं बघितलं, जणू मी त्याला सोडवणार होतो.

"तुझी रोवेना गेली, मना. पालिकेत निरोप आलाय. खिडकीतनं पडली म्हनं. काच पुसत हुती."

इसिद्रानं ते सोपट शेवटापर्यंत ओढलं. वाख झटकला, दांडीवर टाकला. मग ती खाली बसली. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की पडली तेव्हा घरात कोण होतं. दोमेंगला ते कुणी सांगितलं नव्हतं.

रोवेना तिची एकुलती एक. आखाती मुलखात एका घरी कामाला होती. आमच्या तिनाग्बानमध्ये यात काही नवल नाही. तिनाग्बान म्हणजे नदीकाठचं एक मोठं गाव आणि डोंगरात विखुरलेल्या आमच्या वाड्या. गावात चर्च, बाजाराची शेड, पालिकेची इमारत आणि छप्पर घातलेलं बास्केटबॉलचं मैदान. गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान आहे, तिच्यावर मेयरचा हसरा चेहरा रंगवलाय, आणि मेयर बदलला की चेहरा बदलतात, कमान तीच. डांबरी रस्ता त्या कमानीतनं आत येतो आणि चर्चपुढं संपतो. पुढं आमच्याकडं यायचं तर पाय आणि चिखल. वाख, खोबरं आणि माडी एवढंच इथं पिकतं, आणि मागल्या वादळानं निम्मे माड उपटले तेव्हापासून खोबरंही नावापुरतं. मग पोरी जातात. शाळा संपली की जातात. कमानीखाली बसमध्ये बसतात. त्यांनी पाठवलेल्यावर घरांना पत्रे चढतात, आणि कुणाच्या पोरीला कुठलं घर मिळालं यावर बायका पाणवठ्यावर बोलतात. एखादी परत येते ती अशी, पेटीतनं. त्याच्यावर बायका पाणवठ्यावर बोलत नाहीत.

पेटी यायला फार दिवस लागले. आधी म्हणाले पंधरवडा. मग म्हणाले तिकडच्या पोलिसांचं काम चाललंय. इसिद्रा दर बाजारच्या दिवशी पालिकेत जाऊन बाकावर बसायची. तिथली कारकून पोरगी बिचारी चांगली होती, ती इसिद्राला कॉफी द्यायची आणि काही कळलं नाही म्हणून सांगायची. एकदा मी बरोबर होतो. परतताना इसिद्रा मला म्हणाली, "उर्बान, रोवेना लहानपनी माडावर चढायची. तुला ठावं हाय. पोरांच्या आधी शेंड्याला जायची. ती खिडकीतनं पडंल?" मी म्हणालो, तिकडच्या खिडक्या उंच असतात.

पेटी आली ती भर पावसात. आदल्या आठवड्यात डोंगराची एक बाजू खाली आली होती आणि आमची वाट लुनोय वाडीच्या पलीकडं गाडली गेली होती. मेयरनं पेटी बास्केटबॉलच्या मैदानात मधोमध ठेवली होती, चार बाजूंना फुलं, आणि बँडसुद्धा बोलावला होता. तो बोललाही छान. रोवेना आमच्या गावाची वीर कन्या आहे, असं म्हणाला. मग खाली उतरून त्यानं इसिद्राचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की गावच्या कबरस्तानात जागा देतो, पालिका सगळं करील, वाट बंद आहे, तुम्ही हट्ट करू नका.

इसिद्रानं हात सोडवून घेतला नाही. नम्रपणानंच म्हणाली, "साहेब, ती चालत खाली आली हुती. मी तिला वर न्हेनार."

"पण मना, वाट नाहीये."

"मान्सं हायती."

आम्ही माणसं होतोच. वाडीतले सगळे बापये आले होते. पेटी जस्ताची, वरनं लाकडाची, आणि भिजून जड झालेली. दोन लांब बांबू घातले, वाखाच्याच दोरांनी आवळले, आणि निघालो. नदी ओलांडताना पाणी छातीला लागलं. चढाला दोघं पुढं पाय रोवून दोर ओढायचे आणि मागचे खांद्यानं रेटायचे. लाल माती पायाखालनं साबणासारखी निसटायची. इसिद्रा मागनं चालत होती, एक हात पेटीवर ठेवून. तिला कुणी म्हणालं नाही की हात काढ, त्यानं आणखी जड होतंय.

लुनोयच्या हद्दीला पोचलो तेव्हा आमच्यात दम नव्हता. लुनोयवाल्यांचं आणि आमचं रानाच्या हद्दीवरनं जुनं वैर आहे. माझ्या धाकट्या भावाच्या हातावर त्यांच्या कोयत्याचा वळ अजून आहे. त्यांचे बापये पावसात वाटेवर उभे होते. आम्ही पेटी खाली ठेवली. मग त्यांच्यातला एक म्हातारा पुढं झाला, त्यानं माझ्या खांद्याखालचा बांबू धरला आणि म्हणाला, "सर बाजूला. तुमच्या वाडीतली मान्सं कोंबडीच्या काळजाची."

"आन् तुमच्या वाडीचा चिखल तुमच्यासारखाच हाय," आमच्यातला कुणीतरी म्हणाला. "धरला की सोडत न्हाई."

त्यावर थोडं हसू झालं. तेवढंच त्या दिवशीचं. दरडीवरनं पेटी लुनोयवाल्यांनी नेली. दोर कंबरेला बांधून, एकेक पाऊल चाचपत. पलीकडं आम्ही पुन्हा खांदा दिला.

घरी पेटी दोन बाकांवर ठेवली. बायकांनी मेणबत्त्या लावल्या, जपमाळा काढल्या. रीतीप्रमाणं मयताचं घर जागं ठेवायचं म्हणून अंगणात पत्त्यांचा डाव बसला, भाताची पातेली चढली. तेवढ्यात इसिद्रा मला म्हणाली, "पहार आन."

दोमेंगनं आडवं यायचा प्रयत्न केला. पेटी उघडू नका असं पालिकेतनं बजावलं होतं. फार दिवस झालेत, म्हणाला, तुला बघवणार नाही.

"मी तिला जल्म दिला, दोमेंग. तवा बी बगवत न्हवतं."

मी पहार आणली. लाकूड सुटलं, जस्त कापलं. वास आला तो औषधाचा. चेहरा काळवंडलेला होता, सुजलेला होता, केस कापलेले. तिथल्या बायकांनी तोंडं फिरवली. इसिद्रानं नाही फिरवलं. तिनं तो चेहरा बघितला आणि मग चादरीखालनं उजवा हात बाहेर काढला. बोटं एकेक करून उघडली. मला कळलं ती काय बघतेय. रोवेना पोरवयात बापाच्या सुरीशी खेळताना करंगळीचं पेर गमावून बसली होती. मीच तेव्हा तिला झोळीतनं खाली गावात नेलं होतं.

या हाताची करंगळी पुरी होती. नखासकट.

इसिद्रानं दुसराही हात बघितला. तोही धड. मग तिनं दोन्ही हात छातीवर नीट ठेवले आणि ती बाकावर टेकली.

"ही माझी न्हवं," ती म्हणाली.

अंगणातले पत्ते थांबले. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आलं की मग रोवेना जिवंत असेल. सगळ्यांच्याच मनात आलं असणार, कारण दोमेंग ते बोललासुद्धा. इसिद्रानं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. आशा करायला तिच्याकडं काही उरलंच नव्हतं असं मला वाटलं.

मग वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, पेटी घराबाहेर ठेवा, परक्याचं मैत घरात नको. कुणी म्हणालं, उद्याच खाली नेऊन मेयरच्या दारात टाका, वाजवा म्हणावं आता बँड. लुनोयचा तो म्हातारा थकून ओट्यावर बसला होता, तो म्हणाला की आमचे खांदे सोलले ते कुणासाठी सोलले. इसिद्रा हे सगळं ऐकत होती. मग उठली, पेरूचा पाला तोडून आणला आणि चुलीवर पाण्यात टाकला.

"ही बी कुनाच्या तरी घरची हाय," ती म्हणाली. "बापयांनी भाईर जावा. फेलिसा, तू माझ्यासंगं ऱ्हा."

फेलिसा म्हणजे माझी बायको. त्या दोघींनी त्या पोरीला पेरूच्या पाल्याच्या पाण्यानं पुसून घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. आतनं पाण्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. मग फेलिसा बाहेर आली ती थेट परसात गेली आणि ओकली. मी पाठोपाठ गेलो. ती मला म्हणाली, की त्या पोरीच्या पाठीवर इस्तरीचे डाग आहेत. जुने आहेत आणि नवेही. मनगटावर दोर रुतल्याचे व्रण आहेत. मना नुसती पुसत राहिली, ती म्हणाली, आणि डागांवर हात हळू फिरवला, जणू अजून दुखत असेल.

रोवेना सणाला घालायची तो पिवळा झगा इसिद्रानं कपड्यांच्या ट्रंकेतनं काढला आणि त्या पोरीला घातला. प्रार्थनेच्या वेळी पंचाईत झाली; नाव काय घ्यायचं? बायका थांबल्या. इसिद्रा म्हणाली, "लेक म्हना." तसंच म्हणाल्या, प्रार्थनेचे सगळे दिवस.

दोमेंग गावात जाऊन आला. पालिकेची तारांबळ उडाली होती. तिकडं दोन पोरींच्या पेट्यांची अदलाबदल झाली होती. ही दुसऱ्या बेटावरची, शेर्लिन नावाची, कोळ्याची पोर. रोवेना अजून तिकडंच शवागाराच्या बर्फात होती. मेयरनं निरोप दिला होता की झालं ते झालं, वर्तमानपत्रवाल्यांशी बोलू नका, पेटी खाली आणा, पोरीचा बाप येतोय.

म्हणजे पुन्हा तीच दरड, तीच नदी, आणि आता उतार. उतारानं पेटी नेणं चढापेक्षा वाईट. ती सारखी पुढच्याच्या अंगावर येते. लुनोयवाले बोलावल्यावाचून आले. इसिद्रानं आदल्या रात्रीच भात रांधून केळीच्या पानात बांधून ठेवला होता, सगळ्यांना पुरेल एवढा. माझा पाय दरडीवर मुरगळला, पण खांदा सोडला नाही.

शेर्लिनचा बाप चर्चच्या भिंतीला टेकून बसला होता. एपिफानिओ त्याचं नाव. लहानखुरा, उन्हानं करपलेला, पायात नव्या चपला. त्या त्याला चावत असाव्यात, काढून बाजूला ठेवल्या होत्या. दोन बोटी आणि एक बस बदलून आला होता. त्याची बोली आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. मी तरुणपणी मनिलात इमारतींवर सिमेंट वाहिलंय, तिथली भाषा मोडकीतोडकी येते, त्यालाही तेवढीच येत होती. म्हणून मधे मी.

त्यानं पेटीवर हात ठेवला. मग मला विचारलं, ही बाई कोण. मी सांगितलं, हिनंच तुझ्या पोरीला घरी ठेवलं, न्हाऊ घातलं, प्रार्थना केली. तो उठून इसिद्रापुढं आला आणि वाकला. तिचा हात घेऊन त्यानं स्वतःच्या कपाळाला लावला, धाकटी माणसं वडीलधाऱ्यांचा लावतात तसा. वयानं तो तिच्याहून मोठा असेल.

मग त्यानं ते विचारलं. आमच्याकडं न बघता, पेटीकडं बघत.

"तिनं फोनवर सांगितलं होतं की मालकीण मारते. मी म्हणालो, थोडे दिवस काढ." त्यानं पेटीवर पुन्हा हात ठेवला. "बाईंना विचारा. अंगावर काही होतं का?"

मी इसिद्राला सांगितलं. तिला बहुतेक आधीच कळलं होतं.

"सांग त्यास्नी," ती म्हणाली, "मी सोता न्हाऊ घातली. अंग सोच्छ हुतं. कायबी न्हवतं."

फेलिसानं परसात जे सांगितलं होतं ते माझ्या कानात होतं. खोटं बोलायला मला काही नाही, बाजारात रोज बोलतो. पण बापापुढं, चर्चच्या दारात, लेकीच्या पेटीवर हात ठेवलेला असताना जीभ उचलेना.

"उर्बान," इसिद्रा म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. तिच्या शब्दांत एक शब्द माझा घातला नाही. तो ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मग खिडकीतनं पडली म्हणून मलाही कळवलं, तेच खरं?"

"व्हय म्हन," इसिद्रा म्हणाली.

मी होय म्हणालो. तो माणूस खाली बसला आणि रडला, तोंड उघडं टाकून, पोरासारखा. पण ते रडणं वेगळं होतं, कसं सांगू, मोकळं होतं. ट्रक निघाला तेव्हा तो मागं पेटीजवळ बसला होता आणि कमानीखालनं जाईपर्यंत आम्हाला हात करत होता. पिवळ्या झग्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. तो घरी जाऊन पेटी उघडील का, हा विचार मला वाडी येईपर्यंत पोखरत होता. इसिद्रानं कापलेलं जस्त झाळ मारून बंद करून घेतलं होतं, गावातल्या पत्रेवाल्याकडनं, तेही मला तेव्हा आठवलं.

त्यानंतर पाऊस संपला. भातं कापून झाली. दरडीवर गवत उगवलं आणि नवी पायवाट पडली. इसिद्रा पुन्हा बाजारच्या दिवशी बाकावर बसायला लागली. मला वाटायचं तिच्या मनात राग असेल, मेयरचा, एजंटाचा, ज्यानं पोरींना तिकडं धाडलं त्याचा. एकदा बाजारात तो एजंट दिसला, माडीच्या दुकानापुढं, दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या आईशी बोलत होता. इसिद्रा तिथं गेली. मला वाटलं आता काहीतरी होणार. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्या आईच्या कानात काहीतरी बोलली आणि परत आली. ती पोरगी तरीही गेली. पुढल्याच महिन्यात.

रोवेनाची पेटी आली ती कडक उन्हाळ्यात. या वेळी बँड नव्हता, मेयरही नव्हता. कुठल्या तरी उद्घाटनाला गेला होता म्हणे. कारकून पोरगी तेवढी होती. तिनं इसिद्राला सांगितलं की या खेपेला तिकडं दोनदोनदा तपासलंय, खात्री आहे. इसिद्रा म्हणाली, "मागल्या खेपंला बी खात्री हुती, बाय." रागानं नाही. त्या पोरीनं मान खाली घालून सहीचा कागद पुढं केला.

वाट कोरडी होती म्हणून पेटी लवकर वर आली. लुनोयवाले होतेच, आता त्यांना बोलवावं लागत नव्हतं. लिबोरिओच्या कबरीशेजारी खड्डा खणून ठेवला होता. पेटी बाकांवर ठेवली आणि सगळे अंगणात उभे राहिले, काय होणार ते माहीत असल्यासारखे. मी घरातनं पहार आणली.

"ठेव ती," इसिद्रा म्हणाली.

दोमेंग पुढं झाला. "मना, बगून घे एकदा. नुसता हात बग. पुन्यांदा परक्याचं मैत निगालं तर?"

तिनं पेटीवर तळवा ठेवला होता. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. फेलिसा तिच्याजवळ उभी होती, आणि मला दिसलं की फेलिसा तिला नको म्हणून मानेनं खुणावतेय, अगदी थोडी.

"म्या एकीला बगितलं की," इसिद्रा म्हणाली. "आता ही कुनाची का असंना, हिला म्या कुठं धाडायची न्हाई."

मी पहार भिंतीला टेकवली, आणि आम्ही दोर खांद्यावर घेतले.